भावजींचा राहिलेला विषय

आमच्या भावजींचा एक विषय राहिलाय, हे मला माझं लग्न ठरतानाच कळलं होतं. सासरच्या माणसांची ओळख करून देताना मध्यस्थ म्हणाले होते, "थोरला दुकान बघतो, धाकटा ग्रॅज्युएट आहे. म्हणजे झालाच म्हणा, एकच विषय राहिलाय." मी तेव्हा मान डोलावली. आता माझी मुलगी कॉलेजात जाते आणि भावजींचा विषय अजून राहिलेलाच!

संगणकाच्या डिग्रीतला विषय, नाव ऑपरेटिंग सिस्टीम. मला सुरुवातीला वाटायचं, भयंकर अवघड असणार. नाहीतर एवढा हुशार माणूस कशाला अडकेल? पुढे सासूबाईंनी खरी गोष्ट सांगितली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. भावजी नापास झालेच नव्हते. तोंडी परीक्षेला गेले, दाराबाहेर रांगेत उभे राहिले, नंबर आला तेव्हा मागच्याला म्हणाले, "आधी तुम्ही जा." मग त्याच्या मागच्याला. करता करता सगळे आत जाऊन आले, परीक्षकांनी बॅग बंद केली आणि भावजी घरी परत आले. घरात तेव्हापासून त्यांना 'आधीतुम्ही' म्हणतात. त्यानंतर सासरे गेले, मागच्या खोलीतल्या भिंग घासायच्या मशीनवर कोणीतरी बसायलाच हवं होतं, तिथे भावजी बसले ते बसलेच.

माणूस सोन्यासारखा, पण असल्या स्वभावाचा मला संताप येतो. बाथरूममध्ये आधी तुम्ही, ताटावर आधी तुम्ही. त्यांच्यासाठी बघितलेली मुलगी त्यांच्याच मित्राला आवडली, तर तिथेही आधी तुम्ही! त्या लग्नात भावजी अक्षता वाटत फिरत होते. मी म्हटलं, "भावजी, उद्या यमदूत दारात आला तर त्यालाही शेजाऱ्यांकडे पाठवाल का?" तर हसून म्हणतात, "शेजाऱ्यांना विचारून."

आमचं दुकान चष्म्याचं. पुढे आमचे हे डोळे तपासतात, काउंटरवर मी, आणि काचेच्या दारामागे भावजी आणि मशीन. एकेका गिऱ्हाइकाचं काम एकेका ट्रेमध्ये असतं. फ्रेम, कच्ची भिंगं आणि नंबराचं कार्ड. मी ट्रे आत सरकवायचा, भावजींनी भिंगं घासून, फ्रेममध्ये बसवून बाहेर द्यायची. साधा नंबर असेल तर चहा थंड व्हायच्या आत चष्मा तयार. तिरका, जाड नंबर असेल तर साचे बदला, पाणी बदला, पुन्हा पुन्हा मोजा. त्यात अर्धा दिवस जातो.

पण हल्ली भिंगं बाहेरून तयार येऊ लागली होती. ट्रे कमी होत चालले. हे एक दिवस जेवताना म्हणाले, "वर्षभरात मशीन विकावं लागेल बहुतेक." भावजी म्हणाले, "हो, विकू या की." जसं काही मशीन शेजाऱ्यांचं होतं! मी मात्र घास तसाच ठेवला. मशीन गेलं तर हा माणूस करणार काय? काउंटरवर बसेल तर गिऱ्हाइकालाच म्हणेल, आधी पलीकडच्या दुकानात बघून या.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. तांत्रिक शाळेचे मुख्याध्यापक चष्मा न्यायला आले होते. त्यांना संगणकाच्या प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता. भावजींनी त्यांचा बिघडलेला लॅपटॉप मागे एकदा बोलता बोलता ठीक करून दिला होता, ते त्यांच्या लक्षात होतं. म्हणाले, "डिग्री घेऊन या, मी बघतो." आणि माझ्या मुलीने कॉलेजच्या फलकावर वाचलं की जुन्या अभ्यासक्रमाच्या राहिलेल्यांना या वर्षी शेवटची संधी. मग तो अभ्यासक्रमच बंद. लेखीही द्यायची आणि तोंडीही.

मी अर्ज आणला, भरला आणि भावजींसमोर धरला. "सही करा."

"वहिनी, या वयात..."

"वय विचारलंय का मी? करा सही."

तेव्हा त्यांनी केलेली सही इतकी बारीक होती की आमच्या ह्यांनी भिंग लावून बघितली.

लेखीची मला काळजी नव्हती. काळजी होती तोंडीची. म्हणून मी ठरवलं, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा रोज मी प्रश्न विचारायचे आणि भावजींनी मोठ्याने उत्तर द्यायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण परीक्षक व्हायला कळावं लागतंच असं कुठे आहे? पुस्तक उघडलं की धडाच निघाला शेड्युलिंगचा.

"सांगा, शेड्युलर म्हणजे काय?"

भावजी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मी म्हटलं, "परीक्षक तुमच्या घशात उतरून ऐकणार नाही. मोठ्याने! आणि मला कळेल असं."

त्यांनी समोरचा ट्रे बाजूला सरकवला. मग म्हणाले, "वहिनी, संगणकात काम करणारा मेंदू एक असतो, आणि करून घ्यायची कामं खूप. गाणं लावलंय, पत्र टाइप होतंय, छपाई चालू आहे. प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. सगळ्यांना वाटतं आपलं एकदमच चाललंय, पण मेंदू एका वेळी एकच काम करतो. पुढचं कोणाचं घ्यायचं हे जो ठरवतो तो शेड्युलर."

"म्हणजे मशीन तुमचं, आणि कुठला ट्रे आत द्यायचा ते मी ठरवते, तसं?"

"तसंच! तुम्ही शेड्युलर."

मला एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं. "मग मी कुठल्या पद्धतीने ठरवते? पुस्तकात आहे का माझी पद्धत?"

"आहे ना. प्रायॉरिटी शेड्युलिंग. जो जास्त आरडाओरडा करेल त्याचा ट्रे आधी."

मी पुस्तक त्यांच्या पाठीत घातलं. पण खोटं काय होतं त्यात? बोलेल त्याची बोरं विकतात, हे दुकानाचं जुनं तत्त्वच आहे.

त्या दिवसापासून अभ्यासाला रंग चढला. भावजी म्हणाले, वाचून डोक्यात शिरत नाही, करून बघू. ट्रे निवडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आधी राऊंड रॉबिन करून बघितलं. त्यात प्रत्येकाला थोडा थोडा वेळ द्यायचा आणि पुढच्याकडे वळायचं. ऐकायला किती न्यायाचं! भावजींनी एक भिंग थोडं घासलं, काढलं, साचा बदलला, दुसरं लावलं, थोडं घासलं, काढलं. संध्याकाळपर्यंत सगळी भिंगं अर्धवट आणि तयार चष्मा एकही नाही. बाहेर गिऱ्हाइकं माझ्या नावाने शंख करत होती. भावजी मात्र खूश. "वहिनी, याला कॉन्टेक्स्ट स्विचचा खर्च म्हणतात! संगणकाला साचा बदलायला डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागत नाही, म्हणून त्याला परवडतं. मला नाही परवडत." हे म्हणाले, "मलाही नाही परवडत. बंद करा."

मग भावजींनी दुसरी पद्धत काढली. सगळ्यात छोटं काम सगळ्यात आधी. आणि काय सांगू, जादूच झाली! साधे नंबर भराभर बाहेर पडायला लागले. काउंटरपुढची गर्दी ओसरली, लोक मला चक्क धन्यवाद देऊ लागले. हे इतके खूश झाले की म्हणाले, "इतकी वर्षं हा विषय घरात पडून होता आणि आपण वापरलाच नाही." भावजी पुस्तकातलं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायचे, की या पद्धतीत सरासरी वाट बघणं सगळ्यात कमी असतं, हे सिद्ध करता येतं. त्यांचा आवाज काचेच्या दाराबाहेर ऐकू यायला लागला होता. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

आमच्याकडे एक रफूवाल्या बाई येतात. लॉन्ड्रीवाले त्यांच्याकडे कपडे पाठवतात. भोक कुठे होतं ते नंतर शोधून सापडणार नाही असं काम. डोळ्यांचा नंबर जाड आणि तिरका, दोन्ही डोळ्यांचा वेगळा. त्यांचा चष्मा फुटला होता आणि नवा आमच्याकडे टाकला होता. त्या यायच्या, दारातूनच विचारायच्या, "झाला नसेल ना? राहू दे, राहू दे. मी काही घाईत नाही." आणि निघून जायच्या. मी आत ओरडायचे, "भावजी, रफूवाल्या बाई!" आतून आवाज यायचा, "यादीत आहे, वहिनी."

एक दिवस त्या आल्या त्या विचारायला नाहीत. काउंटरवर बसल्या आणि म्हणाल्या, "जुना चष्मा दोऱ्याने बांधून काम करत होते हो. एका साहेबांच्या कोटाच्या अस्तराला रफू केलं. त्यांनी घातला तर खिशात हातच जाईना. मी खिसाच शिवून टाकला होता." आणि हसल्या. मीही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. "लॉन्ड्रीवाल्यांनी आता दुसरी बाई बघितली आहे. त्यांचंही बरोबर आहे म्हणा."

काचेचं दार उघडंच होतं. भावजी बाहेर आले नाहीत. मी आत गेले तर ते खाली बसून सगळ्यात खालच्या फळीवरचा ट्रे बघत होते. कार्डावर धूळ बसली होती. रोज नवे छोटे ट्रे येत होते आणि रोज ते आधी होत होते. या ट्रेची पाळी आली नव्हती आणि असंच चाललं असतं तर कधीच आली नसती. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि बाईंचं काम मात्र गेलं होतं.

भावजींनी दिवसभर दुसरं काही घेतलं नाही. तो चष्मा पूर्ण केला आणि स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. परतताना लॉन्ड्रीत गेले आणि सगळा दोष आमच्या दुकानाचा होता हे तिथे सांगून आले, हे मला पुढे त्या बाईंकडूनच कळलं. घरी येऊन पुस्तक कपाटावर टाकलं आणि म्हणाले, "मी परीक्षेला बसत नाही. ज्याला चार ट्रे सांभाळता येत नाहीत त्याने काय ऑपरेटिंग सिस्टीम सांगायची?"

हे समजूत घालू लागले. मी म्हटलं, तुम्ही थांबा. स्टुलावर चढले, पुस्तक काढलं आणि खूण होती ते पान उघडलं. सरासरी वाट बघणं सगळ्यात कमी, इथे भावजी थांबले होते. मी पान उलटलं आणि अडखळत मोठ्याने वाचायला लागले. पुढचंच वाक्य होतं, की या पद्धतीत मोठ्या कामाची पाळी कधीच न येण्याचा धोका असतो. त्याला स्टार्व्हेशन म्हणतात. उपासमार.

"ऐकलंत का? पुस्तकवाल्याला ठाऊक होतं. तुम्ही अर्ध्यावर उठलात! अर्ध्यावर उठायची सवयच आहे तुम्हाला. परीक्षेतून उठलात, लग्नाच्या बाबतीत उठलात आणि आता पान संपायच्या आधी उठलात. बसा खाली!"

मी इतकी चिडले होते की माझा आवाज फाटला. भावजी बसले. म्हणाले, "वहिनी, त्या बाई दारातून परत जायच्या ना, तेव्हा मला कधी वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, किती चांगल्या आहेत." मग डोळे पुसून म्हणाले, "उपाय काय दिलाय? वाचा पुढे."

उपाय होता एजिंग. जो थांबतो त्याची प्रायॉरिटी थांबण्यानेच वाढत जायची. कितीही अवघड काम असो, वाट बघता बघता ते इतकं वर सरकतं की मग त्याच्यापुढे कोणाला जाता येत नाही. भावजींनी दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत फळ्या ठोकल्या. रोज दुकान बंद करताना उरलेला प्रत्येक ट्रे एक फळी वर. सगळ्यात वरच्या फळीवर आलेला ट्रे सकाळी आधी मशीनवर, मग बाहेर प्रत्यक्ष मुख्याध्यापक का उभे असेनात. मला दोन-चार शिव्या खाव्या लागल्या, पण मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. रफूवाल्या बाईंना लॉन्ड्रीवाल्यांनी परत बोलावलं. दुसऱ्या बाईंचं रफू लांबूनही दिसत होतं म्हणे.

लेखी झाली. तोंडीच्या दिवशी मी सोबत निघाले. हे म्हणाले, "तू कशाला?" म्हटलं, "दारात बसायला. कोणी आधी तुम्ही म्हणालं तर तंगडी आडवी घालायला."

आम्ही सकाळी सगळ्यात आधी पोचलो. लांब बोळ, एक बाक, आणि दारावर क्लार्क. त्याने भावजींचं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाला, "जुना अभ्यासक्रम? तुमचे प्रश्न वेगळे काढावे लागतील. ही पोरं पटकन होतात, आधी ती घेऊ. तुम्ही शेवटी."

"चालेल, चालेल," भावजी म्हणाले.

मी त्यांना चिमटा काढला. पण करणार काय? पोरं येत राहिली. आत जायची आणि हसत बाहेर पडायची. एक तुकडी संपली की दुसऱ्या वर्गाची यायची. क्लार्क दर वेळी म्हणायचा, "एवढी झाली की तुम्ही." दुपारी बाकावर ऊन आलं आणि गेलं. मी डबा उघडला, भावजींनी एक घासही घेतला नाही. ओठ हलत होते. उत्तरं म्हणत होते की धीर देत होते स्वतःला, देव जाणे.

मग दार उघडलं आणि परीक्षक मॅडम बाहेर आल्या. वयाने भावजींपेक्षा लहान, खांद्याला पिशवी, हातात गाडीची किल्ली. क्लार्कला म्हणाल्या, "झाले ना सगळे?"

"झाले, मॅडम," क्लार्क म्हणाला, खोलीला कुलूप घातलं आणि हजेरीचा कागद पुढे केला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पदर खोचला आणि उठणार, तेवढ्यात बाक हलका झाला. भावजी उभे होते.

"मॅडम, मी राहिलोय."

मॅडम थबकल्या. "अरे! तुम्ही विद्यार्थी आहात? मला वाटलं पालक. आता कसं करायचं... विभागाला सांगून पुढची तारीख बघू या का?"

मला वाटलं, हो, चालेल म्हणतील. आयुष्यभर दुसरं काही म्हणालेच नव्हते.

"नाही," भावजी म्हणाले. आवाज बोळभर ऐकू गेला. "पुढची तारीख नाही, मॅडम. अभ्यासक्रम संपला. मी सकाळी सगळ्यात आधी आलोय. माझं काम मोठं म्हणून प्रत्येक छोट्या कामाने मला मागे टाकलं. असं करत राहिलात तर माझी पाळी कधीच येणार नाही. जो थांबलाय त्याचा नंबर थांबल्यामुळे वर सरकायला पाहिजे. आता माझ्यापुढे कोणी नाही."

क्लार्कने आ वासला. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पहिल्या भागाला काय म्हणतात?"

"स्टार्व्हेशन."

"आणि उपायाला?"

"एजिंग."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. खोलीला कुलूप लागलं होतं, तर सरळ आमच्या बाकावरच येऊन बसल्या. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला भावजी आणि मधे मी डबा मांडीवर घेऊन! मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा हो, तुमचा काही त्रास नाही." आणि प्रश्नांचा मारा सुरू झाला. पोरांना विचारले नसतील असले प्रश्न. भावजींनी साचा बदलायचा खर्च सांगितला, फळ्यांची गोष्ट सांगितली, रफूवाल्या बाईंची सांगितली, ती सांगताना थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. एका प्रश्नाला सरळ म्हणाले, "हे मला येत नाही." एक उत्तर चुकलं, ते मॅडमनी समजावून सांगितलं. मी इकडून तिकडे मान वळवत होते. मला त्यातलं किती कळलं विचारू नका, पण एवढं कळलं की हा माणूस खाली बघत नाहीये.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. क्लार्ककडून कागद घेतला. भावजींच्या नावापुढे त्याने आधीच 'गैरहजर' लिहून ठेवलं होतं. मॅडमनी क्लार्ककडे बघितलं, त्याने छताकडे. त्यांनी तो शब्द दोन रेघांनी खोडला आणि वर आकडा लिहिला. मी चोरून वाचला. पासच्या कितीतरी पुढचा होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

मग मॅडमनी कागद भावजींपुढे धरला. "हजर असल्याची सही करा."

भावजींनी पेन घेतलं. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. सही आपल्या रकान्यातून बाहेर पडून शेजारच्या दोन रकान्यांत घुसली. क्लार्कने काही बोलायला तोंड उघडलं, मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते मिटलं.